मुकादमबाईंची वरची रेघ

मुलगी म्हणते, बाबा, आईवर काहीतरी लिहा. वही आणून दिली, पेन आणून दिलं. चार महिने वही कोरी आहे. सुमनवर लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला हात थांबतो. मी सातवी शिकलेला माणूस. सजवून लिहिता येत नाही, आणि सरळ लिहायला गेलं की घरात आवाज नाही हे लक्षात येतं. म्हणून मुकादमबाईंवर लिहितो. त्यांच्याबरोबर सुमन जेवढी येईल तेवढी येईल.

बाई आठवल्या त्या हॉस्पिटलात. सुमनच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा एका तरुण डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं. एक मोठा गोल, ही पेशी. तिच्या अंगावर बारीक बारीक ठोंब. म्हणाला, "काका, हे ठोंब बाहेरचा निरोप घेतात. दोन ठोंब जवळ येऊन जोडी करतात, मग आत हुकूम जातो, वाढ. ही सुई ती जोडीच जमू देत नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे."

तो हसला. "कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही. पाहिलंय."

सुमन कॉटवरून म्हणाली, "माझ्याच वारेत दिसलं होतं ते, डॉक्टर. ह्या मुलीच्या वेळंला."

डॉक्टरला वाटलं म्हातारीला ताप चढला. त्याने तिची नाडी धरली.

सुई दिली. उशीर झाला होता. तो विषय तिथे संपला.

आता बाई. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला औषधांची एक कंपनी होती, तिथे मी काचेची भांडी धुवायला लागलो. राहायला दिघ्याला, पत्र्याची खोली. गाव महाडकडचं. कंपनीच्या मोठ्या इमारतीच्या मागे, खाडीच्या बाजूला, दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे डॉक्टर मुकादम एकट्या. सुयांच्या डॉक्टर नव्हेत, संशोधनाच्या. आधी हाताखाली दोन मुलं होती, ती पगार वाढवून मिळाला तिकडे गेली. नवीन कुणी दिलं नाही. मग एक बाई, एक मी आणि घरघरणारं एक मशीन.

बाई उरणच्या, कोकणी मुसलमान. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हातात नळी धरलेली असताना वेळ दिसते. वाशीला नवीन इमारतीत राहायच्या, जिथे तेव्हा संध्याकाळी चार खिडक्यांत दिवे लागत. जेवण मागच्या पायरीवर, खाडीकडे तोंड करून. तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील. कँटीनमध्ये कधी गेल्या नाहीत. बोलायच्या त्या मशीनशी. "चल, बाबा, आज तरी नीट फिर." मला आधी वाटलं मला बोलतात. मी दोनदा "हो मॅडम" म्हटलं. तिसऱ्यांदा गप्प बसलो.

पहिल्या दिवशी भांडी धुऊन ठेवली. बाईंनी एक नळी उजेडाकडे धरली. "जाधव, ही स्वच्छ आहे?"

"हो."

"दिसलं, की वाटलं?"

मी म्हटलं, "वाटलं."

"मग परत धू. वाटण्यावर मंदिर-मशिदी चालतात, प्रयोगशाळा नाही."

हा त्यांचा रोजचा बोल. दिसलं, की वाटलं? शिपायाला, साहेबाला, बस आली म्हणून ओरडणाऱ्याला, सगळ्यांना तेच. लोक वैतागायचे. मागून त्यांना 'वाटली डाळ' म्हणायचे. मी पण म्हटलंय, खोटं कशाला बोलू.

त्यांचं काम मला कळायला वर्ष गेलं. पेशीच्या अंगावर कान असतात, असं त्या सांगायच्या. रक्तातून वाढीचा निरोप येतो, कानावर बसतो, आणि पेशी वाढायला लागते. एवढं सगळ्यांना मान्य. पण निरोप बाहेर बसतो, तो आत पोचतो कसा? मोठे साहेब म्हणायचे, कुलूप-किल्ली. किल्ली लागली, दार उघडलं. बाई म्हणायच्या, नाही. निरोप आला की दोन कान सरकत एकमेकांजवळ येतात, धरतात, आणि मग आत हालचाल होते. एकट्या कानाने होत नाही. परदेशात दोघे-चौघे असं म्हणायला लागले होते. पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

एकदा मला समजावलं. एक औषध असतं, त्याला दोन हात. ते दोन कान पकडून जवळ आणतं, आणि निरोप न येताच पेशी कामाला लागते. त्याच औषधात पपईच्या चिकातलं द्रव्य टाकलं की ते मधून तुटतं, एकहाती होतं. एकहाती औषध कानाला धरून नुसतं बसून राहतं. काही होत नाही.

मी दुसऱ्या दिवशी शेजारच्याच्या झाडाच्या दोन कच्च्या पपया आणल्या. चिरा पाडून वाटीत चीक धरला होता, बोटं सोलवटून निघाली होती. बाईंनी वाटीकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. त्यांच्याकडे ते द्रव्य शुद्ध करून बाटलीत आलेलं होतं, हे मला काय माहीत. हसल्या नाहीत. वाटी घेतली, गाळली, खरोखर लावून बघितली. संध्याकाळी वहीत लिहिलेलं मला वाचून दाखवलं. "जाधवचा चीक. काम करतो, पण गचाळ." खाली रोजच्यासारखं, "हजर: जाधव."

हे त्यांचं दुसरं खूळ. प्रत्येक पानाखाली कोण हजर होतं ते लिहायचं. माझं नाव शाळेच्या पटावर जेवढं लिहिलं गेलं, त्याहून जास्त त्या वहीत लिहिलं गेलं असेल.

जोडीच्या कामावरून लोक काय बोलायचे ते उघड आहे. स्वतःची जोडी जमली नाही, म्हणून कानांच्या जोड्या लावते. पगाराच्या रांगेत एकाने हे त्यांच्यासमोर म्हटलं. बाई वळून म्हणाल्या, "पोटाचा डॉक्टर पोट दुखतं म्हणून पोटाचा डॉक्टर होतो का रे, गाढवा?" आणि पुढे सरकल्या. पण त्या दिवशी पायरीवर डबा न उघडता बसल्या होत्या. मी बघितलं आणि दुसऱ्या बाजूने गेलो. मला जाऊन बसता आलं असतं. बसलो नाही.

ह्या कामाला कान लागायचे भरपूर, आणि ते वारेत भरपूर असतात. वार म्हणजे बाळाच्या मागून पडते ती. ती आणायचं काम माझं. ऐरोलीच्या अंगाला एक लहान सूतिकागृह होतं. तिथे ठमाबाई नावाच्या आगरी आया होत्या, दणकट, तोंडाने फटकळ. मासळीवालीकडून बर्फ घ्यायचा, डबा भरायचा, सायकलने जायचं. ठमाबाईंना दरवेळी सांगायचं, धुवू नका, काही लावू नका, सरळ बर्फात टाका. तासाच्या आत परत.

पहिल्यांदा मी वार आणली, तेव्हा बाईंनी विचारलं, "आईला विचारलंस?"

"ठमाबाईंनी दिली. टाकूनच देतात ना."

"टाकतात, की पुरतात? कुणाची आहे ती? तुझी? ठमाबाईची?"

ती वार त्यांनी परत पाठवली. मी बर्फासकट उलटा सायकल हाणत गेलो. तेव्हापासून त्या स्वतः जाऊन बाळंतिणीला आधी विचारायच्या. दहातल्या आठ जणी नाही म्हणायच्या. काम रखडायचं. वर्षभरात तीन वारा मिळाल्या. एकीला पोचायला उशीर झाला, एकीचा बर्फ वितळला, तिसऱ्या वेळी वीज गेली.

मग साहेबांचा कागद आला. महिनाअखेर प्रयोगशाळा बंद. बाईंनी मुख्य इमारतीत गोळ्या तपासायच्या. बाई वर गेल्या, मी फाइल घेऊन मागे. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं झाली. काही दाखवा तरी." बाई म्हणाल्या, "एक चांगली वार मिळाली तर दाखवते." साहेबांनी तोंड वाकडं केलं. बाहेर जिन्यात बाई थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "जाधव, एकदा तरी बघायला मिळायला पाहिजे होतं रे." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच रडगाणं.

सुमनचे तेव्हा दिवस भरत आले होते. तिसरी खेप. मी म्हटलं, "मॅडम, आमची घ्या ना."

"तुमची? तुझ्या पोटात आहे का?"

आणि रविवारी बाई दिघ्याला आल्या. गल्लीतली पोरं गोळा झाली. बाई खुर्ची नको म्हणाल्या, उंबऱ्यावर बसल्या.

"सुमन, मला तुझी वार हवी आहे. बारीक करणार आहे ती, खोटं सांगत नाही."

सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्यात दाराशी पुरतात, डॉक्टरीणबाई. हळद-मीठ लावून."

"उरेल तेवढी परत पाठवीन. पुर."

"बारीक करून काय बघणार?"

"फुगडी एकटीला घालता येते?"

"कशी येईल?"

"पण आपण दोघी समोरासमोर आलो, हात धरले, तर?"

"तर फिरू की. ह्या पोटानं नाय फिरणार, पण फिरू."

"तेच. त्या वारेतले कान हात धरतात का, ते मला बघायचंय."

सुमन विचारात पडली. "दिसंल?"

"माहीत नाही. म्हणून तर मागते."

"साहेब लोक असं बोलत नाहीत हो," सुमन मला म्हणाली, जणू बाई तिथे नाहीतच. मग त्यांच्याकडे वळली. "न्या. पण फेकू नका."

महिना संपायला बारा दिवस होते तेव्हा सुमनला कळा लागल्या. सकाळची वेळ. मी बर्फाचा डबा घेऊन सूतिकागृहाच्या बाहेर बसलो होतो, आणि तिसरी खेप असली तरी लक्ष सगळं आतल्या आवाजाकडे होतं. मुलगी झाली. ठमाबाईंनी डबा आत नेला, झाकण लावून आणून दिला. दरवेळचं ते वाक्य, काही लावू नका, ते सांगायचं त्या दिवशी मी विसरलो. सायकलवर बसलो आणि सुटलो.

बाईंनी झाकण उघडलं. वार पिवळीधमक. वर जाडं मीठ.

"हे काय?"

काय सांगायचं विसरलो ते मला कळलं होतं. दुपारी परत गेलो तेव्हा ठमाबाई म्हणाल्या, "मंग काय तशीच नंगी धाडू? सुमनच बोलली, माजे पोरीची हाय, हलद-मीठ लावून द्या. दुसऱ्या कुनाची असती तर नसतं लावलं." मायेनेच केलं होतं दोघींनी.

मला वाटलं बाई डबा फेकून मारतील. त्या स्टुलावर बसल्या. जरा वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "वरून लागलंय. आत किती गेलंय बघू." सुरी घेतली, पिवळा थर सगळा कापून काढला, आतलं मांस घेतलं. नऊ वेळा धुतलं. मी मोजत होतो. त्यांची बोटं आठवडाभर पिवळी होती, हळदीच्या नवरीसारखी. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

पुढचं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. वारेतले कान वेगळे काढले, त्यांना किरण सोडणारं द्रव्य चिकटवलं. त्याला मला हात लावू देत नसत. मग दोन वाटे केले. एका वाट्यात निरोप टाकला, एकात नाही. ज्यांनी हात धरले असतील त्यांचे सुटू नयेत म्हणून एक डिंकासारखं औषध घातलं. मग दोन्ही वाटे जेलीच्या पातळ पाटीतून पळवले. हलकं असतं ते खाली जातं, जड ते वर अडकतं. पाटीवर फोटोची फिल्म ठेवून कडक थंडीच्या पेटीत आठ दिवस बंद. एकटे कान असतील तर एक रेघ, खाली. जोडी असेल तर वजन दुप्पट, म्हणजे आणखी एक रेघ, वर.

त्या आठ दिवसांत माणसं येऊन सामान नेत होती. टेबलं गेली, मशीन गेलं. बाई म्हणाल्या, पेटी शेवटी न्या. रोज येऊन पेटीपाशी उभ्या राहायच्या, उघडायच्या नाहीत.

शेवटच्या दिवशी फिल्म धुतली. ओली फिल्म खिडकीला धरली. मी मागे उभा.

पहिला वाटा, निरोप नसलेला. खाली एक रेघ.

दुसरा वाटा. खाली रेघ. आणि वर, बोटभर वर, आणखी एक. फिकट, पण होती.

"जाधव, काय दिसतंय?"

"वर पण एक आहे."

"दिसतंय, की वाटतंय?"

"दिसतंय, मॅडम. आईशप्पथ."

त्या कितीतरी वेळ हात वर धरून उभ्या होत्या. फिल्मचं पाणी कोपरावरून साडीवर ठिबकत होतं. खोली रिकामी, त्यामुळे ते ऐकू यायचं.

मला वाटलं आता वर जातील, साहेबाच्या टेबलावर फिल्म आपटतील. गेल्या नाहीत. म्हणाल्या, "हळद होती."

"ती दोन्ही वाट्यांत होती ना?" एवढं मला पण कळत होतं.

"होती. निरोप नसलेल्या वाट्यात वरची रेघ नाही, म्हणजे ती हळदीची नसणार. असं मला वाटतं. दिसलेलं नाही. हळद आणि निरोप मिळून चिकटवत असतील तर? बिनहळदीची वार घेऊन तीनदा हेच आलं असतं, तर मी जगाला सांगितलं असतं. आता काय सांगू?"

वहीत तारीख टाकली. वर एक, खाली एक, असं चित्र काढलं. हळदीचं पण लिहिलं. मग, "हजर: जाधव." वही मिटली. उरलेली वार कापडात बांधून माझ्याकडे दिली, ती आम्ही दाराशी पुरली.

सुमनने मला विचारलं, "दिसलं?"

"दिसलं."

"माझ्या वारेत?"

"तुझ्याच."

ती एवढी खूश झाली की हळदीचं सांगायला माझी जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मुलीला मांडीवर घेऊन गल्लीतल्या बायकांना सांगायची, हिच्या वारेत डॉक्टरीणबाईंना शोध लागला. कुणाला काही कळायचं नाही. सगळ्या बरं बरं म्हणायच्या.

बाई मुख्य इमारतीत काचेच्या खोलीत बसून गोळ्यांची वजनं करायला लागल्या. डोक्यावर कागदी टोपी. मला माल चढवायला टाकलं. जाता येता काचेतून दिसायच्या. पहिली काही वर्षं मान वर करून बघायच्या, मग तेही बंद झालं. तिथे त्यांच्याशी बोलायला मशीनसुद्धा नव्हतं. तराजू आवाज करत नाही.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एक दिवस बाईंनी मला बघून काचेवर टकटक केलं. आत बोलावलं. समोर परदेशी मासिक उघडं. त्यात फोटो, काळ्या रेघांचा. खाली एक, वर एक.

"बघ. त्यांनी दाखवलं. नीट, पुन्हा पुन्हा."

मी म्हटलं, "आपली आधीची होती."

"आपली एकदाच होती." मग विचारलं, "सुमन घरी असेल का आज? तिला दाखवायचंय."

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत, नोकरी सोडली. कुठे गेल्या, विचारायला त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पुढे उरणला दोनदा जाऊन आलो. भाऊ म्हणाला, ती कुणाला कळवून जाणारी नाही. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, आमच्या दारात.

पहिली पाळी संपवून मी साडेतीनला सुटलो, चारच्या सुमारास गल्लीत शिरलो. बाई आधीच पोचल्या होत्या. उंबऱ्यावर दोघी, मासिक दोघींच्या मांड्यांवर पसरलेलं. मुलं शाळेत होती. दोघींचं तोंड घरात, पाठ माझ्याकडे. मी शेजारच्या भिंतीपाशी थांबलो.

सुमन म्हणत होती, "तुमचं नाव कुठंय ह्यात?"

"नाही."

"का? तुमाला तर आधी दिसलं. माझ्या वारेत. तुमी कळवलं का नाय कुणाला?"

बाईंनी मासिक मिटलं. ह्या बाईने जन्मात कधी आडपडदा ठेवला नव्हता. आता सांगणार, हळदीने घोळ केला. आणि मग सुमन उरलेलं आयुष्य ते धरून बसणार.

"माझ्या वारेत काय खोट होती का?" सुमनने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"नाही ग," बाई म्हणाल्या. "तुझ्या वारेत काही खोट नव्हती. एवढी स्वच्छ वार मला कधी मिळाली नाही. मीच आळस केला. लिहायचं राहून गेलं."

"काय हो तुमी!" सुमन म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. जोरात मारली, आवाज आला. बाईंना कुणी हात लावलेला मी तोवर बघितला नव्हता. त्या दचकल्या, आणि मग तशाच बसून राहिल्या.

सुमन असेपर्यंत हे मला लिहिता आलं नसतं.

माझ्या पायात कंपनीचे लोखंडी टोपणाचे बूट होते. वाजू नयेत म्हणून काढून हातात घेतले, आणि अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेलो.